वानगी न दाखवणारी पेशी : हिवतापात टी पेशी काय करतात

गोवर एकदा होऊन गेला की जन्माची सुटका. कांजिण्यांचंही बहुधा तसंच. हिवताप मात्र एकाच माणसाला दोनदा, तीनदा गाठतो आणि माणूस चिडतो. तालुक्याच्या गावी रक्त तपासायच्या खोलीत बसलं की दर हंगामाला हे ऐकावं लागतं : "मांगली दिवाईले मलेरिया व्हई गया ना, मंग आते परत कसा?" प्रश्न रास्त आहे. पांढऱ्या पेशींना आजाराची आठवण राहते, असं आपण शाळेत शिकलेलो असतो. मग हिवतापाच्या वेळी ती आठवण कुठे जाते?

उत्तराचा मोठा भाग टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींपाशी आहे. या पेशी दुबळ्या नाहीत. पण हिवतापाचा परजीवी त्यांना दिसेल अशा जागी जेमतेम आठवडाभर राहतो आणि उरलेला सगळा काळ अशा पेशीत काढतो, जी टी पेशींना वाचताच येत नाही. एवढं कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

राज्यातला हिवताप म्हटलं की आधी गडचिरोलीचं नाव निघतं, पण खान्देशातही डासांची सोय काही कमी नाही. पूर ओसरल्यावर नदीपात्रात उरलेली डबकी आणि पाटाच्या कडेला झिरपून साचलेलं पाणी अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीसला पुरतं. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून टाक्या, हौद, पिंपं भरून ठेवावी लागतात. उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात, ते बंद झाल्यावर तळातलं पाणी कोणी काढत नाही. ही जागा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सीची. डोंगराळ भागातल्या ओढ्यांचं संथ वाहतं पाणी अ‍ॅनोफिलीस फ्लुव्हिएटिलिसला मानवतं. डासांचं एवढं पुरे, कारण गोष्ट खरी डास उडून गेल्यावर सुरू होते.

चावताना मादी डास कातडीत मोजके परजीवी सोडते, साधारण काही डझन. या अवस्थेला स्पोरोझॉइट म्हणतात. ते रक्तात शिरतात आणि तास-दोन तासांच्या आत यकृत गाठतात. तिथे एकेक जण एकेका यकृतपेशीत शिरतो आणि वाढू लागतो. या काळात माणसाला काहीच होत नाही. ताप नाही, अंगदुखी नाही, रक्ततपासणीतही काही सापडत नाही. सहा ते आठ दिवसांनी ती यकृतपेशी फुटते आणि एका स्पोरोझॉइटपासून तयार झालेले हजारो नवे परजीवी रक्तात उतरतात. फाल्सिपॅरम जातीत हा आकडा तीस हजारांच्या घरात जाऊ शकतो. त्यानंतर ते लाल पेशींत शिरतात, दर ४८ तासांनी त्या फोडून बाहेर पडतात आणि नव्या लाल पेशी धरतात. आपल्याकडच्या व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम या दोन्ही जातींचं चक्र ४८ तासांचंच असतं. जुनी माणसं ज्याला एकांतरा ताप म्हणायची तो हाच.

आता टी पेशींकडे वळू. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आत कोणती प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे करून ते सतत बाहेरच्या पृष्ठभागावर मांडत असते. अमळनेरच्या किंवा चोपड्याच्या बाजार समितीत धान्याचा लिलाव पाहिला असेल तर हे लगेच ध्यानात येईल. दादर ज्वारी असो की हरभरा, व्यापारी सगळी गोणी ओतून बघत नाही. मूठभर वानगी हातावर घेतो आणि आत काय माल आहे ते ओळखतो. टी पेशीसुद्धा दुसऱ्या पेशीच्या आत डोकावत नाही, ती फक्त वानगी बघते. वानगी ज्या रेणूवर मांडली जाते त्याला एमएचसी म्हणतात. वानगीत नेहमीच्याच प्रथिनांचे तुकडे असले तर टी पेशी पुढे सरकते. परजीवीचा किंवा विषाणूचा तुकडा दिसला आणि तो नेमका तिच्या ओळखीचा निघाला, तर ती थांबते.

नेमका तिच्या ओळखीचा, हे महत्त्वाचं. प्रत्येक टी पेशीला एकाच प्रकारचा तुकडा ओळखता येतो, आणि तो कोणता हे ती थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतानाच ठरून गेलेलं असतं. थायमस छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूला असते. हिवतापाच्या एखाद्या प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या पेशी शरीरात आधीपासून असतात, पण लाखात एखादी. ती एक पेशी सापडणं, जागी होणं, तिच्या हजारो नकला तयार होणं, याला वेळ लागतो. हे काम लसिका ग्रंथींत चालतं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, त्याच या ग्रंथी. डास चावल्या जागेवरचे काही परजीवी रक्तापर्यंत पोचतच नाहीत. ते जवळच्या लसिका ग्रंथीत जातात, तिथल्या डेन्ड्रायटिक पेशी त्यांचे तुकडे करून मांडतात आणि टी पेशींना कामाला लावतात.

टी पेशींचे दोन मोठे गट आहेत. सीडी८ गटातल्या पेशी बिघडलेली पेशी थेट मारतात. तिच्या आवरणाला भोकं पाडणारं पर्फोरिन आणि आत शिरून ती संपवणारी ग्रॅन्झाइम ही त्यांची मुख्य साधनं. सीडी४ गटातल्या पेशी स्वतः सहसा मारत नाहीत, त्या इतरांकडून काम करून घेतात.

यकृतात दडलेल्या परजीवीला सीडी८ पेशी भारी पडतात. यकृतपेशी रीतसर वानगी मांडते, सीडी८ पेशी ती ओळखते आणि परजीवीसकट ती पेशी संपवते. शिवाय इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडते, त्यामुळे यकृतपेशी आतूनच परजीवीला जगणं अवघड करते. याचा माग १९६७ मध्ये सुरू झाला. रूथ नुसेनझ्वाइग यांनी न्यूयॉर्कमध्ये उंदरांना क्ष-किरणांनी लुळे केलेले स्पोरोझॉइट टोचले. असे परजीवी यकृतात शिरतात पण पुढे वाढू शकत नाहीत. नंतर त्या उंदरांना धडधाकट परजीवी दिले, तेव्हा बरेच उंदीर वाचले. १९८०च्या दशकात अशाच उंदरांमधून सीडी८ पेशी काढून टाकल्या आणि ते संरक्षण नाहीसं झालं. माणसांवरही प्रयोग झाले. किरणोत्साराने निकामी केलेल्या परजीवींचे डास स्वयंसेवकांना चावू दिले, आणि एकूण चावे हजारावर गेले की बहुतेकांना संरक्षण मिळालं. हजार डास मुद्दाम चावून घेणाऱ्या त्या लोकांना माझा दंडवत. आपण एकाच्या गुणगुणण्याने रात्रभर कूस बदलतो.

मग निसर्गात हेच का होत नाही? हिशेब सरळ आहे. पहिल्यांदा लागण झाली तर टी पेशींची फौज उभी राहायला आठवडाभर लागतो, आणि यकृतातला मुक्कामही तेवढाच असतो. पेशी तयार होऊन यकृताशी पोचतात तोवर परजीवी रक्तात उतरलेला असतो. दुसऱ्या वेळी जुन्या, अनुभवी पेशी असतात, पण त्या थोड्या. यकृतात अब्जावधी पेशी आणि त्यात लागण झालेल्या काही डझन. त्यातली एक जरी नजरेतून सुटली तरी पुढच्या आठवड्यात रक्तात हजारो परजीवी. इथे शंभरपैकी नव्व्याण्णव गुण म्हणजेही नापास.

आणि एकदा परजीवी लाल पेशीत शिरला की सीडी८ पेशीच्या हाती फारसं काही उरत नाही. लाल पेशी ही विचित्र पेशी आहे. जास्तीत जास्त हिमोग्लोबिन मावावं म्हणून अस्थिमज्जेतून बाहेर पडतानाच तिने आपलं केंद्रक टाकून दिलेलं असतं. केंद्रक नाही, नवी प्रथिनं बनवायची यंत्रणा नाही, त्यामुळे एमएचसी मांडायचीही सोय नाही. थोडक्यात, वानगीच नाही. सीडी८ पेशी शेजारून निघून जाते आणि तिला आतला पाहुणा कळत नाही.

स्लाइडवर हे बघायला मजा येते, अर्थात रक्त आपलं नसेल तर. बोटातून काढलेल्या थेंबाचा पातळ लेप काचेवर वाळवून जेएसबी रंगाने रंगवायचा, तेलाचा थेंब टाकायचा आणि शंभरची लेन्स खाली आणायची. फिक्या गुलाबी लाल पेशी पसरलेल्या असतात आणि एखादीत बारीक निळी कडी, तिच्यावर लालसर ठिपका. तोच परजीवी. व्हायवॅक्स असेल तर ती लाल पेशी शेजारणींपेक्षा फुगलेली असते आणि तिच्यात बारीक गुलाबी ठिपके उठलेले असतात. वय वाढलेल्या परजीवीत तपकिरी कण दिसतात. हिमोग्लोबिन खाऊन उरलेल्या हीमचा, म्हणजे त्यातल्या लोहयुक्त भागाचा, तो चोथा. थोडं सरकवलं की एखादी लिम्फोसाइट सापडते, गडद जांभळ्या केंद्रकाची. टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी याच गटातल्या. पण ती टी पेशी आहे की बी पेशी, हे या लेपावरून सांगता येत नाही, दोघी सारख्याच दिसतात. आणि हिवताप ऐन भरात असताना रक्तात लिम्फोसाइटचं प्रमाण अनेकदा घटलेलंच असतं. त्या नाहीशा झालेल्या नसतात. बऱ्याचशा रक्तातून निघून पाणथरीत आणि इतर अवयवांत कामाला गेलेल्या असतात. उपचारानंतर आकडा पुन्हा वर येतो. जाता जाता : रिपोर्टात प्लेटलेट कमी दिसल्या की लोक "डेंग्यू, डेंग्यू" करत शहराची गाडी धरतात. हिवतापातही प्लेटलेट उतरतात. आधी स्लाइड किंवा आशाताईकडची किट तपासणी करून घ्यावी.

पाणथरी, म्हणजे प्लीहा. रक्तातल्या हिवतापाचा सगळा मामला इथे चालतो. रक्त इथून गाळलं जातं, आणि परजीवी शिरल्यामुळे ताठ झालेल्या लाल पेशी इथल्या बारीक फटींतून सहज निसटत नाहीत. पूर्वी एखाद्या गावात हिवताप किती आहे हे पाहायला डॉक्टर लहान मुलांची पोटं डाव्या बाजूला चाचपून वाढलेल्या पाणथऱ्या मोजत, ते यामुळेच.

पाणथरीत सीडी४ पेशी खऱ्या अर्थाने कामाला येतात. लाल पेशी वानगी मांडत नाही हे खरं, पण मॅक्रोफेज आणि डेन्ड्रायटिक पेशी परजीवी असलेल्या लाल पेशी गिळतात, आत फोडतात आणि त्या तुकड्यांची वानगी स्वतःच्या अंगावर मांडतात. सीडी४ पेशी ती वाचतात. त्यांचा एक गट इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजना आणखी भूक आणतो. दुसरा गट, ज्याला फॉलिक्युलर मदतनीस पेशी म्हणतात, बी पेशींना चांगल्या प्रतीची प्रतिपिंडं बनवायला लावतो. त्यांच्या मदतीशिवाय बी पेशींचं काम अर्धवट राहतं. हिवतापात या प्रतिपिंडांचं वजन किती, हे १९६१ मध्ये गांबियात दिसलं. तिथल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं आजारी मुलांना टोचल्यावर मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. म्हणजे रक्तातल्या टप्प्यात नाव प्रतिपिंडांचं होतं, पण त्यांच्या मागे उभी असते ती सीडी४ पेशी.

आणखी एक जात आहे, गॅमा-डेल्टा टी पेशी. हिला एमएचसीवरच्या वानगीची गरजच नाही. परजीवीच्या चयापचयात तयार होणारे फॉस्फेट असलेले छोटे रेणू हिला चेतवतात, त्यामुळे ती लवकर जागी होते आणि लागण झाल्यावर तिची संख्या वाढते. सीडी८ची उणीव ही थोडीफार भरून काढते. पण युगांडातल्या वारंवार हिवताप होणाऱ्या मुलांमध्ये वेगळंच दिसलं. या पेशींचा एक प्रमुख गट त्यांच्यात घटत गेला, मंदावत गेला, आणि त्याच मुलांमध्ये रक्तात परजीवी असूनही ताप न येण्याचं प्रमाण जास्त होतं.

इथे तापाबद्दल सांगायला हवं. हुडहुडी भरते, दोन-दोन गोधड्या घेऊनही दात वाजतात, मग अंग तापतं आणि घामाने भिजून उतरतं. हे परजीवी थेट करत नाही. लाल पेशी एकदम फुटतात तेव्हा बाहेर पडलेल्या कचऱ्याला आपल्याच पेशी टीएनएफसारखी रसायनं सोडून उत्तर देतात, आणि ती रसायनं मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर ढकलतात. टी पेशींचा इंटरफेरॉन-गॅमा या प्रकाराला आणखी जोर देतो. म्हणून अंगात परजीवी असूनही ताप न येणारा माणूस बरा झालेला असतोच असं नाही. त्याचं शरीर गप्प बसायला शिकलेलं असतं, एवढंच. डास त्याला चावून परजीवी पुढे नेतोच.

गप्प बसवण्याचं कामही टी पेशीच करतात. ज्या सीडी४ पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून आग वाढवतात, त्यातल्याच काही पुढे आयएल-१० नावाचं रसायन सोडून ती शांत करतात. उंदरांमध्ये आयएल-१० चा जीन काढून टाकला तर हिवताप जास्त जिवावर बेततो, आणि त्यामागे परजीवींच्या संख्येपेक्षा अनावर झालेल्या दाहाचा हात असतो. मारणं आणि आवरणं यांचा तोल सांभाळण्यात बहुतेक आयुष्य जातं या पेशींचं.

तोल सुटला की काय होतं याचं सर्वांत वाईट रूप म्हणजे मेंदूचा हिवताप. फाल्सिपॅरमची लागण झालेल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं येतात, त्यामुळे त्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात आणि पाणथरीतली गाळणी चुकवतात. उंदरांतल्या अशाच आजारात असं दिसलं की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशी परजीवीचे अवशेष उचलून स्वतःवर मांडतात. आता वानगी आहे, आणि ती वाचणाऱ्या सीडी८ पेशीही तोवर पुरेशा झालेल्या आहेत. त्या हल्ला करतात तो या भिंतीवर, आणि मेंदूला सूज येते. सीडी८ पेशी काढून टाकलेल्या उंदरांना हा आजार होत नाही. माणसात यातलं किती लागू पडतं यावर अजून काम चालू आहे, पण "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणून काढे आणि पावडरी विकणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. प्रतिकारशक्ती नुसती वाढून चालत नाही.

मघाशी म्हटलं की लाल पेशी वानगी मांडत नाही. यालाही एक अपवाद २०१८ मध्ये पुढे आला. व्हायवॅक्स सगळ्या लाल पेशींत शिरत नाही, फक्त नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी धरतो. त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. केंद्रक गेलेलं असलं तरी प्रथिनं बनवायची यंत्रणा त्यांच्यात एक-दोन दिवस शिल्लक असते. ब्राझीलमधल्या रुग्णांच्या रक्तावर काम करणाऱ्या संशोधकांना दिसलं की व्हायवॅक्सने धरलेल्या या कोवळ्या पेशी एमएचसी मांडतात आणि सीडी८ पेशी त्यांना ओळखून, ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन वापरून, परजीवीसकट मारतात. मला हा शोध फार आवडतो. पाठ्यपुस्तकातलं 'नाही' त्यामुळे 'बहुतेक नाही' झालं.

आता पुन्हा त्या दिवाळीच्या प्रश्नाकडे. आठवण टिकत नाही याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. फाल्सिपॅरमकडे त्या चिकट प्रथिनाचे सुमारे साठ जीन असतात. एक प्रकार प्रतिपिंडांच्या ओळखीचा झाला की दुसरा बाहेर काढला जातो, आणि गावात फिरणाऱ्या वेगवेगळ्या परजीवींचे संच पुन्हा निराळे. लांबलेल्या संसर्गात टी पेशी थकतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ सारखे ब्रेक उगवतात आणि काम मंदावतं. डासांचा मारा सतत असणाऱ्या आफ्रिकेच्या भागांत मुलं काही वर्षांत गंभीर आजारातून सावरण्याइतकी तयार होतात, पण लागण होणं थांबत नाही. आपल्याकडे लागण तेवढी सतत होत नसल्यामुळे तेवढीही तयारी होत नाही, आणि धडधाकट प्रौढ माणूसही आडवा होतो. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन सहा महिन्यांनी सातपुड्यातल्या पाड्यावर परतणाऱ्या कुटुंबाने अंगात प्रतिकार आहे असं धरून चालू नये.

व्हायवॅक्सचं तर वेगळंच. त्याचे काही परजीवी यकृतात न वाढता निपचित पडून राहतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात. त्यामुळे परत आलेला ताप नव्या डासाचा असेलच असं नाही. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातले परजीवी मारतात, यकृतातल्या निजलेल्यांना हात लावत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस. चौथ्या दिवशी ताप गेलेला असतो, कापूस वेचणीला आलेला असतो, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. शरीराच्या भरवशावर सोडावी अशी ही जागा नाही. मात्र गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत, आणि जी६पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. म्हणून गोळ्या आरोग्य केंद्रातूनच घ्याव्यात, शेजाऱ्याच्या उरलेल्या नव्हेत.

लशीचं काय, हे आता विचारलं जातंच. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आरटीएस,एस आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आर२१ या लशींची शिफारस केली. आर२१ ऑक्सफर्ड विद्यापीठाची आणि ती बनवते पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. दोन्ही लशी स्पोरोझॉइटच्या अंगावरच्या एकाच प्रथिनाला लक्ष्य करतात, म्हणजे परजीवी यकृतात शिरण्याआधीच त्याला प्रतिपिंडांनी गाठायचं. ती प्रतिपिंडं तयार व्हायला सीडी४ पेशींची मदत लागतेच. सीडी८ पेशी भरपूर तयार करणारी लसही ऑक्सफर्डने करून पाहिली होती. पेशी झाल्या, पण संरक्षण थोड्याच जणांना मिळालं. अडचण बहुधा जागेची आहे. रक्तात फिरणाऱ्या सीडी८ पेशी वेळेवर यकृतात पोचतील याचा नेम नाही, त्या यकृतातच वस्तीला हव्यात. २०१६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी उंदरांच्या यकृतात अशा कायम राहणाऱ्या पेशी बसवून दाखवल्या, आणि त्या काढून टाकल्यावर संरक्षण गेलं. माणसांसाठी हे जमवण्याचे प्रयत्न चालू आहेत. आज वापरात असलेल्या दोन्ही लशी आफ्रिकेतल्या लहान मुलांना, फाल्सिपॅरमविरुद्ध दिल्या जातात. व्हायवॅक्सची लस अजून चाचण्यांतच आहे.